दिसतं तसं नसतं : कॉम्पॅक्ट कॅमेरा घेताना स्क्रीन कशी पारखावी?

बीम एकदा मोडला की तो पुन्हा मोडता येत नाही. वाक्य विनोदी वाटेल, पण आमच्या बी.ई. सिव्हिलच्या प्रोजेक्ट ग्रुपने त्याची पुरेपूर किंमत मोजली आहे. म्हणूनच हा लेख.

झालं असं, की आमच्या प्रोजेक्टसाठी दोन मीटर लांबीचे तीन आर.सी.सी. बीम आम्ही ओतले होते. २८ दिवस क्युरिंग, रोज आळीपाळीने पाणी मारणं, सगळं यथासांग पार पडलं. टेस्टिंगच्या दिवशी लॅबच्या मामांनी सकाळीच बीमना चुना फासून दिला, म्हणजे तडे उठून दिसावेत. लोडिंग फ्रेम शेडमध्ये, आणि शेडची एक बाजू उघडी. "तुकडे उडतात, लांब उभे राहा," ही सरांची ताकीद. दोघांचे मोबाईल डायल गेजचं रीडिंग रेकॉर्ड करण्यात गुंतलेले. मग फोटोचं काम आलं एका मित्राच्या काकांच्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याकडे, कारण त्याला ५ एक्स ऑप्टिकल झूम होता आणि लांबून काढता येत होतं.

लोड वाढवायचा, थांबायचं, फोटो काढायचा, स्क्रीनवर बघायचा. "मस्त आलाय रे!" की पुढचा लोड. दुपारपर्यंत दोन बीम मोडून झाले. संध्याकाळी होस्टेलवर फोटो लॅपटॉपवर उघडले आणि सगळ्यांचे चेहरे पडले. बीम दिसत होता, चुना दिसत होता, पण तडे? नुसत्या करड्या सावल्या. झूम लावल्यामुळे हात हलला होता आणि एकूण एक फोटो किंचित धूसर होते. तिसऱ्या बीमचे फोटो दुसऱ्या दिवशी ट्रायपॉड लावून नीट काढले, पण पहिले दोन गेले ते गेलेच. नवीन ओतायचे तर पुन्हा २८ दिवस, आणि सबमिशन तीन आठवड्यांवर. शेवटी हाताने स्केचेस काढून रिपोर्टला लावली. व्हायवाला एक्स्टर्नलनी पानं उलटत नेमकं विचारलं, "बाकीच्या दोन बीमचे फोटो कुठे आहेत?" पुढचं सांगायला नको.

नंतर डिपार्टमेंटने लॅबसाठी एक छोटा कॅमेरा घ्यायचं ठरवलं आणि सर म्हणाले, "आता तुम्हीच शोधा. या वेळी स्क्रीन नीट बघून घ्या." त्या शोधात जे कळलं ते इथे मांडतोय. सगळ्याचं सार एका ओळीत सांगतो : चांगली स्क्रीन म्हणजे फोटो सुंदर दाखवणारी नव्हे, तर चूक जागच्या जागी दाखवणारी.

थोडा इतिहास

कॅमेऱ्याच्या पाठीला रंगीत स्क्रीन लावून तो सामान्य गिऱ्हाइकाला विकण्याची सुरुवात कॅसिओच्या क्यूव्ही-१० या मॉडेलने केली. तो १९९५ मध्ये बाजारात आला. स्क्रीन १.८ इंचांची आणि फोटो फक्त ३२० × २४० पिक्सेलचा. आज हसू येईल, पण काढलेला फोटो तिथल्या तिथे दिसतो हीच तेव्हा मोठी गोष्ट होती. फिल्मच्या कॅमेऱ्यात रोल धुऊन येईपर्यंत जीव टांगणीला असायचा.

२०१० मध्ये जपानी कंपन्यांनी सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे बाजारात पाठवले आणि त्यातले बहुतांश कॉम्पॅक्टच होते. मग मोबाईल आले आणि हा बाजार कोसळला. नवे कॉम्पॅक्ट अजून निघतात, पण थोडे आणि बहुतेक महाग. त्यामुळे आपल्यासारख्यांची गाठ बहुधा सेकंडहँड कॅमेऱ्याशीच पडते. गेल्या काही वर्षांत जुने "डिजिकॅम" वापरायची फॅशन आल्यामुळे ते पुन्हा कपाटातून बाहेरही निघू लागलेत. तेव्हा जुना कॅमेरा हातात घेऊन स्क्रीन कशी पारखायची, हे कळायलाच हवं.

डॉट म्हणजे पिक्सेल नव्हे

जाहिरातीत किंवा खोक्यावर लिहिलेलं असतं : "३ इंच एलसीडी, २.३ लाख डॉट्स." आपण समजतो २.३ लाख पिक्सेल. इथेच पहिली गफलत होते. स्क्रीनचा एक पिक्सेल लाल, हिरवा आणि निळा अशा तीन ठिपक्यांचा बनतो, आणि कंपन्या मोजतात ते ठिपके. म्हणून आकड्याला तीनाने भागायचं.

२,३०,४०० डॉट्स भागिले ३ म्हणजे ७६,८००, म्हणजेच ३२० × २४० पिक्सेल.
४,६०,८०० डॉट्स म्हणजे १,५३,६०० पिक्सेल.
९,२१,६०० डॉट्स म्हणजे ३,०७,२००, म्हणजेच ६४० × ४८० पिक्सेल.
१०,३६,८०० डॉट्स म्हणजे ७२० × ४८० पिक्सेल.

पण नेहमी तीनानेच भागून चालत नाही बरं का! सोनीच्या आरएक्स१०० (२०१२) वर १२,२८,८०० डॉट्स लिहिलेले होते. ९.२ लाखवाल्यापेक्षा ही जास्त बारीक असणार असं वाटतं. प्रत्यक्षात सोनीने उजेड वाढवण्यासाठी प्रत्येक पिक्सेलमध्ये चौथा, पांढरा ठिपका घातला होता. चाराने भागा, पुन्हा ६४० × ४८०. उलट सॅमसंगच्या ईएक्स१ (२०१०) मध्ये अ‍ॅमोलेड स्क्रीन होती आणि डॉट्स ६,१४,४००. तिथे एका पिक्सेलमागे दोनच ठिपके, म्हणजे दोनाने भागायचं. उत्तर तेच, ६४० × ४८०. तीन वेगळे आकडे आणि पिक्सेल मात्र सारखे. आमचा ईएनटीसीचा मित्र म्हणाला, "हे म्हणजे जेवायला किती माणसं आली हे चपलांवरून मोजण्यासारखं आहे." अगदी बरोबर.

स्क्रीनच्या इंचांवरही भुलू नका. कॅननचे जी९ (२००७) आणि जी१० (२००८) हे दोन्ही ३ इंच स्क्रीनचे. पण पहिल्यात डॉट्स २.३ लाख आणि दुसऱ्यात ४.६१ लाख. लांबी-रुंदी तीच, तपशील मात्र दुप्पट.

आमचे तडे कुठे गेले?

आता बीमचंच गणित करू. फोटोच्या रुंदीत अख्खा दोन मीटरचा बीम. कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा, म्हणजे रुंदीला ४००० पिक्सेल. २००० मिलिमीटर भागिले ४०००, म्हणजे फोटोच्या एका पिक्सेलमध्ये अर्धा मिलिमीटर बीम. आयएस ४५६ नुसार काँक्रीटच्या पृष्ठभागावर भेगेची रुंदी सर्वसाधारणपणे ०.३ मिमीपर्यंत चालते, तेव्हा आम्हाला शोधायच्या होत्या त्या याच मापाच्या भेगा. पांढऱ्या चुन्यावर ०.३ मिमीची काळी भेग अर्ध्या मिलिमीटरच्या पिक्सेलमध्ये पडली तर त्या पिक्सेलचा साठ टक्के भाग काळा. म्हणजे फोटो नीट आला असता तर भेग दिसली असती.

पण हात हलल्यामुळे फोटो समजा सहा पिक्सेल फराटला. मग तीच भेग तीन मिलिमीटरवर पसरली आणि काळेपणा उरला जेमतेम दहा टक्के. हीच ती करडी सावली.

मग स्क्रीनवर हे कळलं का नाही? स्क्रीन जास्तीत जास्त ६४० पिक्सेल रुंद धरू. ४००० भागिले ६४० म्हणजे सव्वासहा. फोटोतले सव्वासहा पिक्सेल स्क्रीनच्या एका पिक्सेलमध्ये कोंबले जातात. सहा पिक्सेलचा धूसरपणा त्या एकाच पिक्सेलच्या पोटात गडप! स्क्रीनवर धारदार फोटो आणि धूसर फोटो अगदी सारखे दिसणार. क्षेत्रफळाने बघितलं तर १२० लाख पिक्सेलचा फोटो आपण ३ लाख पिक्सेलवर बघत होतो. जवळजवळ चाळीसातले एकोणचाळीस पिक्सेल आम्ही बघितलेच नव्हते आणि तरी म्हणत होतो, "मस्त आलाय!"

यावर उपाय फुकटचा आहे. प्लेबॅकमध्ये फोटो उघडून झूमची कळ टेलीकडे दाबायची आणि महत्त्वाचा भाग मोठा करून बघायचा. फोटो सहापट-सातपट मोठा केला की स्क्रीनचा एक पिक्सेल आणि फोटोचा एक पिक्सेल यांची गाठ पडते. म्हणून कॅमेरा घेताना नुसते डॉट्स विचारू नका. फोटो निदान आठपट मोठा होतो का, तो पटकन होतो का, आणि मोठा केलेला भाग सरकवता येतो का, हे हाताने करून बघा. काही जुन्या कॅमेऱ्यांत हे इतकं सावकाश होतं, की दोन फोटोंनंतर माणूस नाद सोडतो. आणि नाद सोडला की आमच्यासारखी गत होते.

उन्हात स्क्रीन आरसा का होते?

दुकानात ट्यूबलाइटखाली सगळ्याच स्क्रीन झकास दिसतात. खरी परीक्षा उन्हात. इथेही थोडं गणित करू, आपण इंजिनिअर आहोत ना!

भर दुपारच्या उन्हाचा प्रकाश साधारण एक लाख लक्स असतो. तुम्ही उन्हात पांढरा शर्ट घालून उभे असाल आणि शर्ट ८० टक्के प्रकाश परतवत असेल, तर त्याची चमक १,००,००० गुणिले ०.८ भागिले ३.१४, म्हणजे सुमारे २५,००० निट्स. काचेचा एक पृष्ठभाग समोरून आलेल्या प्रकाशातला साधारण ४ टक्के प्रकाश आरशासारखा परत पाठवतो. २५,००० चे ४ टक्के म्हणजे १००० निट्स. स्क्रीनची स्वतःची चमक ५०० निट्स धरली, तर स्क्रीनवरचा काळा रंग दिसणार १००० चा आणि पांढरा १५०० चा. गुणोत्तर फक्त दीडपट. म्हणजे स्क्रीनवर फोटो कमी आणि तुमचा शर्ट जास्त!

आता काळा टी-शर्ट घाला, जो ५ टक्केच प्रकाश परतवतो. त्याची चमक सुमारे १६०० निट्स, तिचे ४ टक्के म्हणजे ६४. आता काळा ६४ आणि पांढरा ५६४, गुणोत्तर जवळजवळ नऊपट. कॅमेरा तोच, ऊन तेच, फक्त शर्ट बदलला. आम्ही त्या दिवशी चौघेही पांढरे लॅब कोट घालून उघड्या बाजूला उन्हात उभे होतो, हे वेगळं सांगायला नकोच.

काचेची बनावटही महत्त्वाची आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांत वरची संरक्षक काच आणि आतला एलसीडी यांच्यामध्ये हवेची पोकळी असते. मग काचेची बाहेरची बाजू, आतली बाजू आणि एलसीडीचा पृष्ठभाग असे तीन आरसे तयार होतात आणि ४ टक्क्यांचे १२ टक्क्यांच्या घरात जातात. चांगल्या कॅमेऱ्यांत ही पोकळी पारदर्शक रेझिनने भरलेली असते. ओळखायची खूण सोपी आहे : बंद स्क्रीनमध्ये ट्यूबलाइटचं प्रतिबिंब तिरकं बघा. एकाशेजारी एक दोन-तीन प्रतिबिंबं दिसली तर पोकळी आहे, एकच स्वच्छ दिसलं तर बहुधा भरलेली आहे. आणि अशा छान काचेवर बुडबुडेवाला स्क्रॅचगार्ड चिकटवलात, की पुन्हा पोकळी तयार!

आणखी एक. एलसीडीतून येणारा प्रकाश पोलराइज्ड असतो. बाईकवर वापरतो तसला पोलराइज्ड गॉगल घालून बघितलं तर काही कोनांत स्क्रीन चक्क काळी पडते. कॅमेऱ्याला दोष देण्याआधी गॉगल काढा.

काही जुन्या कॉम्पॅक्टना, उदाहरणार्थ कॅननच्या ए५७० आयएसला, स्क्रीनशिवाय डोळा लावून बघायचा छोटा ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरही होता. उन्हात त्याचा फार आधार वाटतो. पण त्यातून फक्त फ्रेम कळते, फोकस झाला का ते कळत नाही, आणि जवळच्या वस्तूची फ्रेम थोडी सरकलेली दिसते.

तिरकं बघितलं तर?

कॅमेरा नेहमी डोळ्यांसमोर धरता येत नाही. कधी गर्दीत डोक्यावर उचलून धरावा लागतो, कधी बीमच्या खालची बाजू टिपायला जमिनीशी. स्वस्त टीएन जातीच्या एलसीडीत कोन बदलला की रंग फिरतात, आणि एका बाजूने तर फोटो निगेटिव्हसारखा दिसू लागतो. आयपीएस आणि ओलेड स्क्रीनना हा त्रास फारसा नसतो. त्यामुळे दुकानात कॅमेरा डोक्यावर आणि कमरेशी धरून स्क्रीन बघाच.

झुकणारी किंवा बाहेर उघडून फिरणारी स्क्रीन असेल तर सोन्याहून पिवळं. उन्हातही ती वळवून प्रतिबिंब टाळता येतं. मात्र जुन्या कॅमेऱ्यात बिजागरीतून जाणारी पातळ रिबन केबल झिजलेली असू शकते. स्क्रीन चालू ठेवून दहा-बारा वेळा उघडा, मिटा. चित्र लुकलुकलं, रेघा आल्या किंवा एखाद्या कोनात स्क्रीन विझली, तर नमस्कार करून निघा.

अंधारातला गोडवा

उन्हात स्क्रीन फोटोला मारते, तर अंधारात उगाच गोंजारते. गॅदरिंगच्या रात्री काळोखात डोळ्यांची बाहुली मोठी झालेली असते. त्यामुळे अंधारा फोटोही स्क्रीनवर उजळ दिसतो, आणि सकाळी लॅपटॉपवर बघावं तर सगळे कोळशाच्या खाणीतून आल्यासारखे. म्हणून उजेडाची पारख डोळ्यांनी नव्हे, हिस्टोग्रामने करावी. हा आलेख फोटोत किती पिक्सेल काळे, किती मधले, किती पांढरे ते दाखवतो. सगळी गर्दी डाव्या भिंतीला टेकली तर फोटो काळवंडलाय, उजव्या भिंतीला टेकली तर जळालाय. आलेखाचा अर्थ ऊन-सावलीने बदलत नाही, ही त्याची खरी किंमत. प्लेबॅकमध्ये डिस्प्ले किंवा इन्फोची कळ दाबत गेलं की बऱ्याच कॅमेऱ्यांत तो सापडतो. नसेल, तर निदान स्क्रीनचा ब्राइटनेस मधोमध ठेवून तोच कायम वापरा, म्हणजे नजर तरी बसेल.

आकाराचा एक चकवा

३ इंच हा कर्ण आहे. बहुतेक कॉम्पॅक्टचा फोटो ४ : ३ प्रमाणाचा असतो. स्क्रीनही ४ : ३ असेल तर पूर्ण भरते. पण स्क्रीन १६ : ९ असेल तर फोटोच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात आणि प्रत्यक्ष फोटो उरतो जेमतेम २.४५ इंचांचा. व्हिडिओ जास्त काढणार असाल तर हीच रुंद स्क्रीन फायद्याची. तात्पर्य, आधी काय काढायचंय ते ठरवा, मग इंच मोजा.

दुकानात जाताना

मुंबईत सीएसएमटीजवळच्या बोरा बाजारात जा, नाहीतर ओळखीच्या कुणाकडून घ्या, पण खिशात चार्ज केलेला मोबाईल, एक पांढरा कागद, एक मेमरी कार्ड आणि कार्ड रीडर असू द्या. मग या क्रमाने :

१. कॅमेरा चालू करून मेनू बघा. ठिपका, रेघ किंवा पिवळा डाग मेनूवरही दिसला तर दोष स्क्रीनचा आहे. मेनू स्वच्छ, पण फोटोत ठिपका दिसतो आणि तोच फोटो दुसऱ्या स्क्रीनवरही ठिपका दाखवतो, तर दोष सेन्सरचा आहे. दोन्ही वाईटच, पण स्क्रीनचा दोष निदान फोटोत उतरत नाही.
२. लेन्ससमोर पांढरा कागद धरा, मग हाताने लेन्स झाका. पांढऱ्यावर डाग आणि काळ्यावर चमकते ठिपके लगेच उठून दिसतात.
३. दुकानदाराला विचारून कॅमेरा दाराबाहेर उन्हात न्या. ब्राइटनेस पूर्ण वाढवून फ्रेम दिसते का बघा.
४. डोक्यावर धरा, कमरेशी धरा, झुकणारी स्क्रीन उघडा-मिटा.
५. बारीक छपाईच्या कागदाचे दोन फोटो काढा. एक नीट आणि एक मुद्दाम हात हलवून. दोन्ही प्लेबॅकमध्ये मोठे करून बघा. धूसर कुठला ते स्क्रीनवर ओळखता आलं, तर ही स्क्रीन कामाची. हीच मुख्य परीक्षा.
६. कॅमेरा भराभर फिरवा. स्क्रीनवरचं चित्र मागून रखडत आलं, तर हलत्या वस्तूंचा फोटो हुकणार.
७. बॅटरी आणि कार्ड तपासा. स्क्रीन बरीच बॅटरी खाते, म्हणून फुगलेली किंवा न मिळणारी बॅटरी चालणार नाही. खूप जुने कॅमेरे २ जीबीपर्यंतचंच साधं एसडी कार्ड घेतात, एसडीएचसी कार्ड ओळखत नाहीत. काहींना तर एक्सडी कार्ड लागतं, ते शोधता शोधता डिग्री पूर्ण होईल.

या सगळ्यात पैसे किती घालायचे? माझं मत विचाराल तर मेगापिक्सेल थोडे कमी चालतील, पण ३ इंच आणि ९.२ लाख डॉट्सच्या खाली शक्यतो उतरू नका. आजही २.३ लाख डॉट्सचे स्वस्त नवे कॅमेरे मिळतात. घरगुती फोटोंना ते चालतील, पण पुन्हा काढता न येणाऱ्या फोटोंसाठी नाही.

शेवटी आम्ही लॅबसाठी घेतला तो जुनाच, पण झुकणाऱ्या ९.२ लाख डॉट्सच्या स्क्रीनचा. स्ट्रॅपला एक चिठ्ठी बांधली : "प्रत्येक फोटो मोठा करून बघा, मगच लोड वाढवा." यंदा ज्युनिअर्सच्या टेस्टिंगला मी मुद्दाम गेलो होतो. तिसऱ्या टप्प्याला त्यांच्यातल्या एकीने फोटो काढला, झूम करून बघितला आणि ओरडली, "मामा, थांबा, हललाय!" मामांनी लोड तसाच धरून ठेवला. तिने दुसरा फोटो काढला, पुन्हा बघितला, मान डोलावली, आणि मग पंपाचा दांडा पुढे हलला. जेमतेम अर्धा मिनिट गेला असेल. आमचे दोन बीम त्या अर्ध्या मिनिटापायीच गेले होते.